विद्यार्थ्यांचे आत्मनियंत्रण आणि वर्गव्यवस्थापन

तत्काळ उमटणारी इच्छा, राग किंवा चंचलता आवरून हाती घेतलेल्या कामावर लक्ष टिकवण्याच्या क्षमतेस आत्मनियंत्रण म्हणतात. वर्गव्यवस्थापन म्हणजे अध्ययनास अनुकूल वातावरण राहावे यासाठी शिक्षकाने केलेले वेळ, जागा, कृती व वर्तन यांचे नियोजन होय. विद्यार्थ्यांमध्ये आत्मनियंत्रण जितके अधिक, तितका शिक्षकाचा वेळ वर्ग शांत करण्याऐवजी शिकवण्यासाठी वापरला जातो.

बहुवर्ग अध्यापन

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत विद्यार्थी असल्यास दोन शिक्षक असतात. त्यामुळे लहान गावांतील शाळांत एका शिक्षकाला एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात. एका गटास शिकवताना दुसऱ्या गटाने स्वतःहून काम करत राहणे आवश्यक असल्याने अशा शाळांत आत्मनियंत्रणाला विशेष महत्त्व येते. धानोरा गाव ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेथे अनेक मुलांची घरची भाषा भिली, पावरी किंवा मावची असते. सूचना न समजल्याने झालेली चुळबुळ ही बेशिस्त नव्हे. अशा वेळी शिक्षेपेक्षा मुलांच्या भाषेतील सूचना अधिक उपयुक्त ठरते.

शिस्त आणि कायदा

याच अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे. भीतीने आलेली शांतता शिक्षक वर्गाबाहेर जाताच संपते, तर स्वयंशिस्त त्याच्या अनुपस्थितीतही टिकते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथील बालशिक्षणात मुलांच्या स्वातंत्र्यातून व स्वयंप्रेरित कामातून घडणाऱ्या शिस्तीवर भर दिला.

संशोधन व मर्यादा

वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांच्या संयमावर प्रयोग सुरू केले. आत्ता एक खाऊ किंवा थोडे थांबल्यास दोन, असा पर्याय त्यांत मुलांपुढे ठेवला जाई. लहानपणीचा संयम पुढील शैक्षणिक यशाशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. मात्र २०१८ मधील एका मोठ्या अभ्यासात कौटुंबिक पार्श्वभूमी विचारात घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण झाला. म्हणून संयमाचा अभाव हा केवळ मुलाचा दोष मानता येत नाही. भूक, अपुरी झोप आणि घरातील अस्थिरता यांचाही त्यावर परिणाम होतो.

शिक्षकाची भूमिका

आत्मनियंत्रण सरावाने वाढते. ठरलेली दैनंदिनी, मुलांच्या सहभागाने केलेले मोजके नियम, कामाचे छोटे टप्पे, गटप्रमुखाची आळीपाळीने जबाबदारी आणि शिक्षकाचे स्वतःचे संयमित वर्तन ही त्याची प्रमुख साधने होत.