डिस्कच्या कोपऱ्यातली दुसरी विंडोज

९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हे सुरक्षा अपडेट दिले आणि जगभरातल्या अनेक संगणकांवर ते बसेचना. पडद्यावर एरर कोड यायचा ०एक्स८००७०६४३. इन्स्टॉलेशन फसले, एवढाच त्याचा अर्थ. कारण त्यातून कळत नव्हते. शेकडो जीबी जागा मोकळी असलेल्यांचेही अपडेट अडले होते.

जागा अपुरी होती, पण ती सी ड्राइव्हवर नव्हे. डिस्कवर रिकव्हरी पार्टिशन नावाचा एक विभाग असतो. फाइल एक्सप्लोररमध्ये तो दिसत नाही. त्यात विंडोजचीच एक छोटी आवृत्ती असते, विन-आरई. मुख्य विंडोज सुरू होईनाशी झाली की ही जागी होते आणि दुरुस्तीची साधने पुढे करते. रुग्ण आणि वैद्य एकाच डिस्कवर शेजारी नांदतात! संगणकाच्या रचनेतले हे मला मोठे नवल वाटते.

याच विन-आरईच्या वाटेने, संगणक हाती लागलेल्या माणसाला डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरचे संरक्षण चुकवता येईल, अशी फट सापडली होती. ती बुजवायला त्या विभागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. कित्येक संगणकांत तो अख्खा विभागच पाचेकशे एमबीचा, आणि तोही बराचसा भरलेला.

मायक्रोसॉफ्टने उपाय दिला तो हाताने करण्याचा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, ‘रीएजंटसी’ या आज्ञेने विन-आरई बंद करायची, ‘डिस्कपार्ट’ने सी ड्राइव्ह २५० एमबीने आक्रसायचा, जुना रिकव्हरी विभाग पुसून नवा, मोठा विभाग करायचा आणि विन-आरई पुन्हा सुरू करायची. इथे चुकीचा विभाग निवडला तर त्यातला डेटा जातो. म्हणून आधी बॅकअप घ्यायचा, हे मी कळकळीने सांगतो. ज्या संगणकात रिकव्हरी विभागच नाही, त्याला या अपडेटची गरज नव्हती. तिथे एररकडे दुर्लक्ष केले तरी चालणार होते.

अपडेट अडण्याचे दुसरे एक कारण म्हणजे विंडोजच्याच फाइली बिघडणे. तेव्हा आधी ‘डिसम’ आणि मग ‘एसएफसी’ या दुरुस्तीच्या आज्ञा चालवाव्यात. हा क्रम महत्त्वाचा आहे. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली उचलते, तो साठा दुरुस्त करण्याचे काम डिसमचे आहे.