जपान : अर्जाचा ठरलेला साचा

कॉलेज संपता संपता नोकरी शोधण्याच्या खटाटोपाला जपानमध्ये ‘शुकात्सु’ म्हणतात.

● अर्ज : ‘रिरेकिशो’ हा ठरावीक रकान्यांचा तक्ता. शिक्षण, परवाने, अर्जामागचं कारण. पूर्वी तो हातानेच लिहायची रीत. खाडाखोड झाली, की नवा कागद.

● फोटो : साधारण ४ बाय ३ सेंटिमीटर, गंभीर चेहरा.

● पोशाख : मुलामुलींना बहुधा काळा सूट.

● वेळापत्रक : सरकारी संकेतानुसार मुलाखती १ जूनपासून, औपचारिक नेमणूकपत्र १ ऑक्टोबरपासून. रुजू व्हायचं १ एप्रिलला.

● बदल : २०२१ मध्ये कामगार मंत्रालयाने नवा नमुना दिला. लिंगाची नोंद ऐच्छिक झाली. जोडीदार, अवलंबून असलेल्यांची संख्या आणि प्रवासाचा वेळ हे रकाने गेले.