किरणोपचारानंतरचा पंधरवडा

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यावर पुष्कळ स्त्रियांना किरणोपचार घ्यावे लागतात. हे किरण त्वचेंतूनच आंत जातात. त्यामुळें तिच्या तळच्या थरांतील नव्या पेशींची निपज मंदावते, आणि वरचा थर झिजला तरी तो वेळेवर भरून निघत नाहीं. यास 'भाजणें' म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु विस्तवाचा चटका तत्क्षणीं कळतो, किरणांचा परिणाम मात्र दोन-तीन आठवड्यांनीं दिसूं लागतो. शिवाय उपचार संपल्यावरहि तो आठवडा-दोन आठवडे वाढतच जातो.

म्हणजे उपचार पुरे करून बाई घरीं येते, घरचीं माणसें सुटलों म्हणून निःश्वास टाकतात, आणि त्याच सुमारास काखेंतील व स्तनाखालच्या घडींतील कातडी सोलूं लागते, क्वचित् ओलीहि होते. कांहीं तरी चुकलें असें वाटून ती घाबरते, आणि संकोचामुळें कोणास दाखवीतहि नाहीं. पुस्तकांत वर्णिलेली लाली आपल्या सांवळ्या वर्णावर दिसेलच असें नाहीं. काळसरपणा, खाज, ताण आणि हातास लागणारी उष्णता हींच येथें पहिलीं चिन्हें होत.

'पाणी लावूं नका' हा जुना दंडक प्रयोगांच्या कसोटीस उतरलेला नाहीं. कोमट पाणी व सौम्य साबण यांनीं हलकेंच धुवावें, न चोळतां टिपून घ्यावें, बिनवासाचें साधें मलम लावावें आणि सैल सुती कपडे वापरावे. हळद, चुना, बर्फ यांचे प्रयोग करूं नयेत. 'मोमेटासोन'सारखें मलम दाह कमी करतें, पण तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच लावावें. कातडी ओली झाली तर न चिकटणारी पट्टी बांधून घ्यावी. पू, दुर्गंधी वा ताप आल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. बहुधा दोन ते चार आठवड्यांत जखम भरते. काळेपणा जाण्यास महिने लागतात. उपचार चालू असतां मात्र त्वचेच्या भयानें आपण होऊन खाडा करूं नये. त्यानें मूळ रोगावरील पकड ढिली होते.

ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाले. तीन आठवड्यांत १५ वेळां मिळून ४० ग्रे किरण देण्याऐवजीं एकाच आठवड्यांत ५ वेळां मिळून २६ ग्रे दिले, तरी पांच वर्षांअखेर रोग उलटण्याचें प्रमाण वाढलें नाहीं. ही मोठी सोय खरी; पण आठवड्याभरांत उपचार आटोपल्यावर त्वचेचा सारा त्रास घरींच व्हावयाचा. तेव्हां शेवटच्या दिवशीं रुग्णालयांतून निघतांना पंधरा दिवसांच्या आंतील एक भेट ठरवून, आणि अडीअडचणीस विचारावयाचा दूरध्वनि-क्रमांक लिहून घेऊनच निघावें.