डोंगरउतारावर आकार घेणारा वाईनचा मळा

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांनी वेढलेला आहे. दिंडोरी, इगतपुरी या तालुक्यांतील उतारांवर द्राक्षांच्या एका वेगळ्या शेतीने मूळ धरले आहे. एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या जमिनीवर वाईनची द्राक्षे पिकवावीत आणि त्याच मळ्यात वाईन तयार करावी, असे तिचे स्वरूप आहे. राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणामुळे या व्यवसायास चालना मिळाली.

असा मळा उभा राहत असतानाच पाहण्यासारखा असतो. एकीकडे तारांवर चढू लागलेल्या कोवळ्या वेली, दुसरीकडे छप्पर पडावयाची वाट पाहणारी इमारत. खर्च सुरू झालेला असतो, उत्पन्न मात्र दूर असते. या उद्योगाची खरी कसोटी याच काळात लागते.

उताराचे गुण व दोष

वाईनच्या द्राक्षास भारी काळ्या जमिनीपेक्षा निचऱ्याची मुरमाड जमीन मानवते. उतारावर पाणी साचत नाही, वेलीची वाढ आटोक्यात राहते आणि मणी लहान भरतात. मणी लहान असला की रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. तांबड्या वाईनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो. म्हणून लहान मणी येथे गुण ठरतो. हिवाळ्यातील ऊबदार दिवस व थंड रात्री यांमुळे फळातील आम्लता टिकण्यास मदत होते.

उताराचा दोषही तितकाच स्पष्ट आहे. जून ते सप्टेंबरच्या पावसात माती वाहून जाते. त्यासाठी समतल रेषेत ओळी आखणे, चर खणणे, ओळींमध्ये गवत राखणे व शेततळे बांधणे ही कामे लागवडीपूर्वीच करावी लागतात. येथे केलेली काटकसर पुढे महाग पडते.

दोन छाटण्या, एक पीक

युरोपात थंडीमुळे वेल विश्रांती घेते. येथील हवामानात ती घेत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरताना फळ छाटणी होते. त्यामुळे तोडणी जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत येते. लावणीपासून उपयुक्त पीक हाती येण्यास साधारणतः दोन ते तीन वर्षे लागतात.

तोडणी शक्यतो पहाटे, फळ थंड असताना करतात. पांढऱ्या वाईनसाठी शेनिन ब्लाँसारख्या जातींचा रस काढून लगेच साल वेगळी केली जाते. शिराझसारख्या काळ्या जातींचा रस मात्र सालीसह आंबवला जातो. यीस्टच्या क्रियेने साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. या वेळी उष्णता निर्माण होत असल्यामुळे टाक्या थंड ठेवाव्या लागतात. एक टन द्राक्षांपासून साधारणतः ६०० ते ७०० लिटर वाईन मिळते. इमारत उतारावर बांधली तर द्राक्षे वरच्या मजल्यावर घेऊन रस आपल्या वजनानेच खाली उतरविता येतो.

जोखीम कोणाची?

खाण्याच्या द्राक्षांस बाजार अनेक असतात. वाईनची द्राक्षे लहान, बियांची व जाड सालीची असल्याने त्यांना वाईनखेरीज फारसा ग्राहक नसतो. २००८ नंतरच्या मंदीत वाईनची मागणी घटली, तेव्हा कारखान्यांवर अवलंबून असलेल्या अनेक बागायतदारांची द्राक्षे पडून राहिली व काहींनी वेली उपटून टाकल्या. वाईन स्वतःच तयार करणारे कुटुंब या परावलंबनातून सुटते. तथापि जोखीम नाहीशी होत नाही, ती त्याच घरात येऊन राहते. तांबडी वाईन मुरण्यास वर्षभर वा अधिक काळ लागू शकतो आणि तोवर भांडवल टाकीत व पिंपात अडकून पडते. त्यामुळे लागवड, इमारत व यंत्रे एकदम न उभारता पिकाच्या वाढीबरोबर टप्प्याटप्प्याने वाढविणे हितावह ठरते.

गावाचा संबंध

अशा मळ्यामुळे छाटणी व तोडणीच्या हंगामात गावात रोजगार निर्माण होतो. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानंतर शेतावर पाहुणे येण्याची वाटही रुंदावली आहे. परंतु गावाने काही प्रश्न आरंभीच विचारावयास हवेत. मळ्याचे पाणी कोठून येणार? टाक्या धुतलेले पाणी कोठे जाणार? या पाण्यातील सेंद्रिय अंश नाल्यात गेल्यास तेथील प्राणवायू कमी होतो. म्हणून त्यावर प्रक्रिया आवश्यक असते. चोथ्याचे मात्र उत्तम खत होते. उत्पादनास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, हेही ध्यानी असावे.

पंचायत सदस्य व अधिकारी यांनी अशा मळ्याचे मोल केवळ पूर्ण झालेल्या इमारतीवरून करू नये. बांध टिकले आहेत काय, वेल रुजली आहे काय आणि पहिले पीक येईपर्यंत कुटुंबाजवळ तग धरण्याइतके बळ आहे काय, हे पाहिले तर मळ्याचे भवितव्य बऱ्याच अंशी कळून येते.