काळ्या दगडातला सदका-ए-जारिया

सहलीचा विषय निघाला की माझ्या वर्गातून दोनच नावे येतात, वेरूळ आणि बीबी का मकबरा. या वर्षी मी मुलांना म्हटले, "आधी आपल्या जालन्याची काली मशीद नीट पाहू. भाडेही लागणार नाही." मुले हसली. रोज तिच्यावरून शाळेत येणाऱ्यांनाही ती 'जुनी मशीद' एवढीच माहीत होती.

जमशेद खान यांनी ही मशीद १५७८ मध्ये काळ्या दगडात बांधली. तेव्हा अहमदनगरच्या गादीवर मुर्तजा निजामशाह होते आणि उत्तरेत अकबराचे राज्य होते. म्हणजे ती बीबी का मकबऱ्यापेक्षा सुमारे ऐंशी वर्षांनी जुनी आहे.

आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो छिन्नीला सहजासहजी दाद देत नाही. म्हणून दख्खनच्या कारागिरांनी नाजूक वेलबुट्टी बहुधा चुन्याच्या गिलाव्यात काढली आणि दगडाला भक्कम चिरे व कमानी यांचे काम दिले. तरीही दगडावर हात किती चालू शकतो हे पाहायचे असेल, तर अहमदनगरची (आजचे अहिल्यानगर) दमडी मशीद पाहावी. सरदार साहिर खान यांनी १५६७ मध्ये बांधलेली ही लहानशी मशीद दगडी नक्षीकामासाठी प्रसिद्ध आहे. लोक सांगतात, की किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी तिच्यासाठी मजुरीतून एकेक दमडी दिली, म्हणून हे नाव पडले.

जालन्याच्या मशिदीची थोरवी मात्र दगडापाशी थांबत नाही. जमशेद खानांनी हमाम आणि सराईही बांधली, मोती तलाव तयार करवला आणि जमिनीखालून नळ टाकून त्याचे पाणी गावातल्या हौदांपर्यंत आणले. सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. ना वीज, ना पंप. जमिनीच्या उतारानेच पाणी वाहायचे. थकलेल्या मुसाफिराला प्यायला पाणी, आंघोळीला हमाम, टेकायला सराई आणि सजद्यासाठी मशीद, असा सगळा विचार एकत्र केलेला होता.

२०१२-१३ चा दुष्काळ आठवला की हा विचार मनाला टोचतो. त्या वर्षी माझ्या हजेरीपटात मुलींची गैरहजेरी वाढली होती. टँकर आला की त्या घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत. ज्या गावाला सव्वाचारशे वर्षांपूर्वी नळाचे पाणी होते, त्याच गावात हे चालले होते. माणूस गेल्यावरही ज्याचा सवाब चालू राहतो, तो सदका-ए-जारिया. पाण्याची सोय हा त्यातला मोठा सदका. पण असा सदका पुढे चालू ठेवायला मागची पिढीही जागी असावी लागते.

मशिदीच्या भिंतीवर तळवा टेकवून एका मुलाने विचारले, "सर, ते नळ आता कुठे आहेत?" मी उत्तर दिले नाही. "घरी जा, दादा-दादींना विचारा," असे सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्गात जुने हौद, बुजलेल्या विहिरी आणि तलावाकाठच्या आठवणी यांवर तासभर चर्चा झाली. त्या दिवशी पुस्तक उघडले नाही.

वाचकहो, आपल्या गावातही अशी एखादी दगडी मशीद किंवा बारव असेलच. तिच्या दगडाला तेलरंग फासू नका, खिळे ठोकू नका. तलावात कचरा टाकू नका. आणि एखाद्या जुम्याला नमाजनंतर मुलांचा हात धरून ती बांधणाऱ्याचे नाव त्यांना सांगा.