ड्रायव्हर नाक्यावर पकडला गेला, तर मालकाने काय करावे?

"आपल्या घरात दारूला कोणी शिवत नाही, मग या कायद्याशी आपला काय संबंध?" असे म्हणणारे व्यापारी बंधू पुष्कळ आहेत. घरापुरते ते खरे असेल. पण मालेगावहून भिवंडीला निघालेला कापडाच्या ताग्यांचा टेम्पो मालक स्वतः चालवीत नाही. वाशीच्या बाजारातून पहाटे फळे उचलणारी गाडी भाड्याची असते आणि तिचा ड्रायव्हर रात्री कुठे बसला होता, हे आपल्याला ठाऊक नसते. नाकाबंदीत तो सापडला की माल रस्त्यावर अडकतो, लायसन्स जाते आणि अपघात झालेला असेल तर विम्याचा प्रश्न थेट मालकाच्या गल्ल्यापर्यंत येतो. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेतला आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम १८५ दारू पिऊन गाडी चालविण्यासंबंधी आहे. श्वास यंत्रावर किंवा रक्ताच्या तपासणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की गुन्हा झाला. माणूस झोकांड्या देत होता की सरळ चालत होता, याला मग महत्त्व उरत नाही. इंग्लंडात हीच मर्यादा ८० आहे, यावरून आपल्याकडचे माप किती कडक आहे ते कळावे. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यापूर्वी पहिला दंड जास्तीत जास्त दोन हजारांचा होता.

येथे एक हिशेब ड्रायव्हरला समजावून सांगण्यासारखा आहे. रक्तातील मद्यार्क सर्वसाधारणपणे ताशी १५ मिलिग्रॅम या गतीने उतरतो. मध्यरात्री ज्याच्या रक्तात १२० आहे, त्याच्या रक्तात पहाटे पाच वाजता अजून ४५ असतो. तो झोपून उठलेला असतो, तोंड धुऊन चहा घेतलेला असतो, आपण पूर्ण शुद्धीवर आहोत असे शपथेवर सांगतो आणि तरीही यंत्रावर सापडतो. चहा, लिंबू किंवा थंड पाण्याने ही गती वाढत नाही.

आता नाक्यावर काय घडते ते पाहू. गणवेशातील पोलिसाला वाजवी संशय आला तर तो ड्रायव्हरला यंत्रात फुंकायला सांगू शकतो. हा अधिकार कलम २०३ ने दिला आहे. "मी फुंकणार नाही" म्हणणे हा शहाणपणा नव्हे. नकार दिला तर त्याच कारणावरून अटक होऊ शकते, आणि योग्य कारण नसताना दिलेला नकार कोर्टात त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो, असे कलम २०५ म्हणते. "स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही" हे घटनेतील वचन येथे कामी येत नाही. ते तोंडी वा लेखी जबाबाबद्दल आहे. बोटांचे ठसे त्यात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच सांगितले आणि रक्ताच्या नमुन्यालाही तोच न्याय लागतो.

मात्र एक गोष्ट नम्रपणे मागता येते. खोकल्याची काही औषधे, होमिओपॅथीचे अर्क, तोंड धुण्याची द्रावणे यांत मद्यार्क असतो. तो तोंडात असताना यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते. सुमारे पंधरा मिनिटांत तोंडातला अंश जातो. तेव्हा औषधाची बाटली दाखवून थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घ्या, अशी विनंती करावी. कायद्यातच "एक किंवा अधिक" नमुने असे शब्द आहेत. आकड्याची छापील पट्टी मागावी आणि तिच्यावरची वेळ पाहून ठेवावी.

फर्निचरच्या कारागिरांसाठी दोन शब्द. दिवसभर लाख आणि स्पिरिटने पॉलिश करणाऱ्याच्या कपड्यांना जो वास येतो, तो संशयाला पुरेसा असतो. पण वास म्हणजे गुन्हा नव्हे. मुंबईच्या एका जुन्या अपघात खटल्यात तोंडाला वास, अडखळती चाल, अस्पष्ट बोलणे एवढा पुरावा होता, परंतु रक्ताच्या तपासणीचा अहवाल सरकार पक्षाने कोर्टापुढे आणलाच नव्हता. तेवढ्यावरून दारूचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९७१ च्या निकालांत छापलेला हा निर्णय आजही वकील मंडळी उघडतात. म्हणजे निर्दोष माणसाने तपासणीला घाबरू नये. त्याला वाचवणारा कागद तोच असतो.

यंत्राने मद्यार्क दाखवला तर अटक वॉरंटाशिवाय होऊ शकते. पण येथे घड्याळ सुरू होते आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. कलम २०२ खाली १८५ च्या गुन्ह्यासाठी पकडलेल्या माणसाची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. नाही झाली तर त्याला सोडून द्यावे लागते. सोडणे म्हणजे खटला संपला असे नव्हे, फक्त कोठडी संपते. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसू नये, बाटली सीलबंद व्हावी. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत पकडलेल्या माणसाला मिळण्याचा हक्क आहे. ती मागून घ्यावी.

हा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन ही मेहेरबानी नसून हक्क आहे. घरच्या माणसाला किंवा मालकाला कळविणे, वकिलाला भेटू देणे, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी हे हक्क तसेच आहेत. उलट एक पाऊल पुढे पडले आहे. मुंबईत वरळी येथे ७ जुलै २०२४ रोजी झालेल्या अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरविले की, अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. तातडीमुळे आधी तोंडी सांगितली, तरी कोर्टात उभे करण्यापूर्वी निदान दोन तास तो कागद हातात पडला पाहिजे. ज्याला मराठी वाचता येत नाही, त्याने न समजलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी "हे मला वाचून दाखवा" एवढे तरी म्हणावे. वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या कायद्याखालील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीतील माणसाला तेथे मोफत वकील मिळतो.

टेम्पोचे काय? ड्रायव्हरला पकडल्यावर गाडीची तात्पुरती व्यवस्था पोलीस करतात. मालकाने ताबडतोब दुसरा लायसन्सवाला ड्रायव्हर आणि गाडीचे कागद घेऊन पोचावे. माल नाशवंत असेल तर तसे लेखी द्यावे. नाक्यावर पैसे देऊन मिटवू, हा विचार मात्र डोक्यातून काढून टाकावा. हेल्मेटच्या किंवा सिग्नलच्या चलनासारखा कलम १८५ चा दंड रस्त्यावर भरून मिटत नाही. हे प्रकरण कोर्टातच जाते. रस्त्यावर दिलेला पैसा दंड नसतो, तो काय असतो हे सांगायला नको.

आणि आता मुख्य मुद्दा. कोर्टात तारीख लागली की ड्रायव्हर मालकाला म्हणतो, "शेठ, कबूल करून टाकतो, दंड भरा आणि मोकळे व्हा." दिवस वाचतो म्हणून मालकही मान डोलावतो. परंतु कलम २० नुसार या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने गाडी चालविण्यास अपात्र ठरविलेच पाहिजे, आणि तेही कमीत कमी सहा महिन्यांसाठी. एका "कबूल आहे" मुळे अर्ध्या वर्षाची रोजी जाते. शिवाय पुढच्या वेळी तो दुसरा गुन्हा धरला जातो. खरोखर प्याला असेल आणि कागद पक्के असतील तर कबुली देणे हाही एक मार्ग आहे, आम्ही तो नाकारीत नाही. पण तो अहवाल वाचून, वकिलाशी बोलून निवडावा. घाईत नव्हे. अपात्रतेच्या हुकुमात बदल करण्याचा किंवा तो रद्द करण्याचा अधिकार वरच्या कोर्टाला आहे.

लायसन्स जाण्याचा दुसरा दरवाजा आरटीओचा, आणि तो कोर्टाच्या आधी उघडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवितात. निलंबित करण्याचा अधिकार पोलिसांना नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केले आहे. आरटीओने नोटीस देऊन म्हणणे ऐकले पाहिजे, मगच पहिल्या खेपेला तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्या खेपेला लायसन्स रद्द, असा हुकूम कारणांसह लेखी काढता येतो. म्हणणे पटले तर अधिकारी लायसन्स परतही देऊ शकतो. म्हणून सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहू देऊ नये. भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या ड्रायव्हरांचे येथेच नुकसान होते.

जप्तीच्या वेळी मिळणारी पावती जपून ठेवावी, पण तिच्यावर गाडी चालवू नये. इतर काही बाबतींत पावतीवर ठरावीक तारखेपर्यंत गाडी चालविता येते, या प्रकरणात येत नाही. लायसन्स परत मिळेपर्यंत अशा ड्रायव्हरच्या हाती चावी देणे मालकाला दुहेरी महाग पडते. विनालायसन्स माणसाला गाडी दिल्याबद्दल कलम १८० खाली मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय अपात्रतेच्या काळात अपघात झाला, तर विमा कंपनीला हात वर करायला कायदेशीर आधार मिळतो. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १५० मध्ये ड्रायव्हर दारूच्या अमलाखाली असणे हेही कारण घातले आहे. जखमीला किंवा वारसांना भरपाई कंपनीने आधी द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे हुकूम कोर्टे देतात. लाखांची रक्कम असते. एका टेम्पोवर चालणारे दुकान त्यात बसते.

आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा तर सरळच नाकारला जातो. दिल्लीत २००७ मध्ये एक महागडी मोटार आदळून निकामी झाली. श्वासाची चाचणी झालेली नव्हती, डॉक्टरच्या कागदावर वासाची नोंद होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीची बाजू मान्य केली. फौजदारी खटल्यात नुसता वास पुरत नाही, पण विम्याच्या दाव्यात इतर परिस्थितीसह तोच पुरू शकतो. हा फरक पुष्कळ व्यापाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

प्यालेल्याला सोडविण्याच्या युक्त्या सांगण्यासाठी आम्ही हे लिहिलेले नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली आणि सात जण गेले. चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम मद्यार्क होता. खालच्या कोर्टाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षे केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मेलेले सगळे हातावर पोट असणारे होते. आता भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत आणि परिणामाची जाणीव असताना केलेल्या कृत्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि ड्रायव्हर प्यालेला आहे हे दिसत असूनही "माल सकाळी पोचलाच पाहिजे" म्हणून त्याला गाडीवर बसविणारा मालक कलम १८८ प्रमाणे गुन्ह्याला मदत करणारा ठरतो. त्याला ड्रायव्हरइतकीच शिक्षा आहे. रात्री माल भरून झाल्यावर गाडी निघण्यापूर्वी ड्रायव्हरशी दोन मिनिटे समोरासमोर बोलावे, आणि शंका आली तर गाडी सकाळपर्यंत उभी ठेवावी.

आरटीओच्या हुकुमाविरुद्ध अपील करायचे असेल तर हुकूम हाती आल्यापासून तीस दिवसांची मुदत असते. त्यासाठी पाकिटावरची तारीख जपावी आणि हुकुमाची, पावतीची व वैद्यकीय अहवालाची एकेक झेरॉक्स दुकानातही ठेवावी.