जी. आर. ई.चे इंग्रजी : भीती उफणून टाका

राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील कृषि विद्यापीठांतून पदवी घेऊन आपल्या खेड्यांतील मुले-मुली परदेशी शिक्षणाचा विचार करू लागली आहेत. अमेरिकेत एम. एस. करायचे म्हटले की जी. आर. ई. परीक्षेचे नाव निघते. गणिताला ही मुले भीत नाहीत; पण 'व्हर्बल' म्हणजे इंग्रजीचा भाग म्हटला की मराठी शाळेत शिकलेल्याच्या पोटात गोळा येतो. घरची मंडळीही "आपलं काम नव्हे ते" म्हणून मोकळी होतात. तसे म्हणण्याचे कारण नाही.

आधी एक पाहावे. पुष्कळ विद्यापीठांनी अलीकडे ह्या परीक्षेची अट काढून टाकली आहे. फी वीस हजार रुपयांच्या वर आहे. तेव्हा जिथे प्रवेश हवा, त्या विभागाचे नियम वाचूनच पैसे भरावेत.

सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आटोपशीर झाली आहे. व्हर्बलचे एकूण 27 प्रश्न : पहिल्या भागात 12 प्रश्न 18 मिनिटांत, दुसऱ्यात 15 प्रश्न 23 मिनिटांत. गुण 130 ते 170 च्या दरम्यान मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पहिला भाग चांगला गेला की दुसरा कठीण येतो. तो पाहून घाबरू नये, ते शुभलक्षण समजावे. आणि इथे इंग्रजी बोलायचे नसते, त्यामुळे उच्चाराची लाज नको.

प्रश्न तीन तऱ्हेचे : गाळलेल्या जागा भरणे, एकाच जागी बसून वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द निवडणे, आणि उतारा वाचून उत्तरे देणे. गाळलेल्या जागेची किल्ली वाक्यातच असते. "पाऊस वेळेवर आला, तरीही पेरणी —" एवढे वाचले की पुढे 'खोळंबली' असे काही येणार, हे आपण 'तरीही'वरून ओळखतो. इंग्रजीत 'ऑलदो', 'बट', 'हाउएव्हर' हेच काम करतात. पर्याय पाहण्याआधी आपला शब्द मनात धरावा, अगदी मराठीतला चालेल. मग त्याच्या जवळचा पर्याय शोधावा.

शब्दांच्या बाबतीत तर शेतकऱ्याचे मूल मागे नाही. 'विनो' म्हणजे उफणणे. तोच शब्द सार आणि फोल वेगळे करणे ह्या अर्थानेही येतो. 'फॅलो' म्हणजे पडीक. मग काही न घडलेला काळही 'फॅलो'. 'हजबंड' म्हणजे नवरा हे सर्वांना ठाऊक, पण क्रियापद म्हणून त्याचा अर्थ जपून, काटकसरीने वापरणे. 'ॲनिमल हजबंडरी' त्याच कुळातली. परीक्षेत असे दुसरे अर्थच दगा देतात. म्हणून शब्दांची नुसती यादी घोकू नये. प्रत्येक शब्द एका वाक्यासह वहीत लिहावा. रोज 10 शब्द घेतले तर चार महिन्यांत 1200 होतात. मात्र आठवड्यातून एक दिवस फक्त उजळणीसाठी ठेवावा, नाहीतर पुढचे पाठ, मागचे सपाट.

रोज एक इंग्रजी लेख वाचून "लेखकाचे म्हणणे काय?" हे दोन ओळींत मराठीत लिहावे. परीक्षा घेणारी ई. टी. एस. संस्था सरावाच्या दोन पूर्ण परीक्षा फुकट देते. एक तयारीच्या मध्यावर आणि एक शेवटी, घड्याळ लावून द्यावी. महागड्या क्लाससाठी कर्ज काढण्यापूर्वी हे सर्व करून पाहावे.

घरच्यांनीही एक करावे. रोजचे दोन तास अभ्यासासाठी मोकळे द्यावेत. मुलाला ते सहज मिळतात. मुलीच्या वाट्याला मात्र त्याच वेळी पाणी, भाकरी आणि धाकटी भावंडे येतात. तिचे दोन तास राखले, तर निम्मी तयारी घरानेच करून दिली असे होईल.